‘ग’ने सुरू होणारी फांदी

“सूनबाई, सकाळी आरती होईपर्यंत तोंडातून देवाचंच नाव निघालं पाहिजे. घर पेटलं तरी.”

माझ्या सासूबाई, अंबाबाई, असं सांगून गेल्या आणि पांढुर्ण्याच्या आमच्या घरात मी ते पाळत आले. घर कधी पेटलं नाही, मारुतीरायाची कृपा. पण शब्दकोडं रोज पेटायचं.

आमचे हे मराठीचे निवृत्त शिक्षक. चहा निवायच्या आत पेपरातलं कोडं सोडवायचं, हा त्यांचा नेम. मी देवापुढे, ते ओसरीवर. तिथून मुद्दाम मोठ्यानं विचारायचे, “कृष्णाचा भाऊ, चार अक्षरी?” उत्तर माझ्या जिभेवर, पण बोलायची सोय नाही. मी घंटी जोरात वाजवायची. “आलं वाटते हिले! देवाले जागं करून राहिली का कृष्णाच्या भावाले?” म्हणून हसत ते स्वतःच लिहून टाकायचे.

या कार्तिकात मात्र ओसरी गप्प झाली. आधी शेजारच्या देवीदासभाऊंना हे ‘भाऊराव’ म्हणाले. मग चष्मा फ्रिजवर सापडला. असं कुणाचंही होतं. पण ह्यांचे वडील, दादाजी, शेवटी शेवटी पाण्याला ‘ते’ म्हणायचे आणि पोटच्या मुलाला विचारायचे, “तुम्ही कोण्या गावचे?” ह्यांच्या मनानं घेतलं, आता आपली पाळी. तेव्हापासून कोडं म्हणजे परीक्षा. पूर्ण सुटलं तर त्या दिवशी जेवण नीट जाई.

गुरुवारी एक उभा शब्द अडला. ‘लहान फांदी’, तीन अक्षरी. खाली ‘ळी’ होतं, मधलं घर रिकामं, वर ‘ग’. तो ‘ग’ आडव्या शब्दातून आला होता. ‘पायाचा मधला सांधा’ म्हणजे टोंगळा. तो मीच सांगितला होता, आरती उरकल्यावर, स्वयंपाकघरातून, मोठ्या ऐटीत.

“गवळी बसते ना,” देवीदासभाऊ म्हणाले.

“गवळी काय झाडाले लागते?”

“तुमच्या वावरात लागत असंल, गुरुजी. आमच्या तर संत्रेच लागतात.”

मी पदराआड हसले. हे हसले नाहीत. दिवसभर ‘गढळी, गजळी, गमळी’ असं पुटपुटत राहिले. माणूस अंधारात किल्ल्या चाचपतो ना, तसं. मला ते बघवेना.

संध्याकाळी नागपूरहून आमच्या ऋतुजाचा फोन आला. “बाबा, शनिवारी या. डॉक्टरांना दाखवून घेऊ. मागेही ‘येतो येतो’ केलंत. आज वचन द्या.”

“दिलं, बेटा,” हे म्हणाले. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, “डॉक्टर काय सांगंल ते मले आजच माहीत आहे. कायले जायचं?”

शुक्रवारी नवा पेपर आला. त्यात कालचं उत्तर छापलेलं. ह्यांनी घडी मोडली नाही. “पाहून लिहिलं तर ते माझं कसं?” असं म्हणून जुनाच पेपर मांडीवर घेऊन बसले.

मी फुलं वाहिली आणि आरतीसाठी उठायला गेले, तर टोंगळा कट्‌कन वाजला. पाय धरून तिथेच बसले. आवाज ऐकून हे आत आले आणि कपाटातून तेलाची बाटली काढून दिली. “घे, टोंगळ्याले लाव आधी. देव थांबते.”

बाटलीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: गुडघेदुखीवर उत्तम.

माझी चूक लक्षात आली, पण बोलणार कशी? आरती व्हायची होती! मी बाटली परत त्यांच्या हातात दिली आणि त्या छापावर बोट आपटलं.

“काय व? संपलं का?”

मी ‘नाही’ अशी मान हलवली. पुन्हा बोट.

“जुनं झालं? तारीख पाहू?”

कपाळावर हात मारून घेतला मी. मग ओसरीवरच्या पेपराकडे बोट, बाटलीकडे बोट, पायाकडे बोट.

“टोंगळाच लिहिला आहे व मी, तुह्याच सांगण्यावरून. गुडघे...”

ते थांबले. चष्मा वर सरकवला. “गु... ड...” म्हणत ओसरीवर धावले, आणि तिथून आवाज आला, “‘ग’ नाही, ‘ड’! डहाळी! अवं, डहाळी!”

मी आरती लावली. इतक्या घाईची आरती मारुतीरायानं कधी पाहिली नसेल. बाहेर आले तर हे डोळे पुसत हसत होते. “आयुष्यभर पोरांच्या वह्यांतला टोंगळा खोडून गुडघा लिहिला मी. आणि माह्याच कोड्यात टोंगळा!”

“माझ्या माहेरी, सौंसरलाही टोंगळाच म्हणतात,” मी म्हटलं. “‘ग’ने फांदी सुरूच होत नाही, तर तुम्हाला आठवणार कुठून?”

“म्हणजे डोकं शाबूत आहे.”

“शब्द तरी आहेत.”

त्या दिवशी त्यांनी दोनदा भाजी मागून घेतली. हात धुताना म्हणाले, “आता नागपूरले कायले जायचं?”

“वचन दिलंय,” मी एवढंच बोलले. ते हात पुसत ओसरीवर गेले. मीही विषय वाढवला नाही.

शनिवारी मी पूजेला बसले होते, तेव्हा फाटकाची कडी हळूच वाजली. खिडकीतून पाहिलं. इस्त्रीचा शर्ट घालून, ऋतुजासाठी संत्र्यांची पिशवी हातात घेऊन, हे नागपूरच्या गाडीसाठी स्टेशनकडे निघाले होते.