ना धड डांबराचा, ना धड चिखलाचा

ओ, जरा थांबा! चपलेचा चिखल माझ्यावर घासायच्या आधी दोन शब्द ऐकून घ्या. मी टायर बोलतोय. आज सड्यावरच्या शाळेच्या पायरीशी आडवा पडलोय आणि पोरं बसून बसून माझी पाठ गुळगुळीत झालीय, म्हणून मला कुणी ऐरागैरा समजू नये. कोंडखोलच्या रावजीच्या जीपचा मागचा डावा टायर होतो मी. चांगली चार वर्षं!

माझा जन्म केरळातल्या रबराच्या चिकातून झाला. कारखान्यात त्या चिकाचे काय हाल झाले ते सांगत बसत नाही. तापलेल्या साच्यातून बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगावर नक्षी उमटली होती, आणि त्या नक्षीनंच पहिलं वर्ष माझा घात केला.

१९८३ साली रत्नागिरीतल्या एका दुकानात मला आणून टाकलं. तिथं टायरांची दोन घराणी होती. एक डांबरी रस्त्याचं. त्यांच्या अंगावर बारीक सरळ रेघा, पळताना आवाज नाही, झीज कमी. दुसरं चिखलाचं. त्यांना बोटबोट खोल दात, चिखल खणून वर येणारे. आम्ही चार भाऊ मात्र मधलेच. दात होते पण बेताचे, आणि मधोमध डांबरवाल्यांसारखी रेघही होती. डांबरवाला गिऱ्हाईक माझ्यावर बोट फिरवून म्हणायचा, "हा आवाज करणार." चिखलवाला म्हणायचा, "ह्याचे तर अजून दुधाचे दात!" दुकानदार आप्पा आमची ओळखच अशी करून द्यायचे, "ना धड डांबराचा, ना धड चिखलाचा."

वर्षभर कोपऱ्यात धूळ खाल्ली. वाईट वाटायचं हो. रबराला काय वाटायचंय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे.

मग ८४ च्या मे महिन्यात रावजी आला. पोफळीच्या वीज प्रकल्पावर जीप चालवून नुकताच निवृत्त झालेला, स्वतःची जुनी जीप घेतलेला आणि गावची माणसं रत्नागिरीला नेणारा. बरोबर त्याची बायको गंगा.

"वीस किलोमीटर डांबर नि तीन किलोमीटर माती," गंगा म्हणाली. "साधे घ्या नि चला. मला मासळी घ्यायचीय."

"गाडी त्या तीन किलोमीटरातच अडते गो," रावजी म्हणाला.

त्या तीन किलोमीटरांची गोष्ट अशी. कोंडखोलच्या वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, बौद्धवाडी. गाव आणि वाडी यांच्यामध्ये पऱ्या, म्हणजे ओढा. उन्हाळ्यात त्यात दगडगोटे, पावसात असा भरतो की पायी उतरणारा वाहून जाईल. वाडीतल्या सावित्रीला आदल्या वर्षी शिक्षिकेच्या कोर्सच्या मुलाखतीचं पत्र आलं होतं. त्या दिवशी पऱ्या भरला. पोरगी काठावर उभी राहिली आणि माघारी गेली. मुलाखत चुकली, आणि दिवाळीनंतर तिचं लग्न लावून दिलं. इतर जीपवाले वाडीचं नाव काढलं की म्हणायचे, "रस्ता नाही." रस्ता नव्हता हे खरं. असता तर गेले असते का, ते मी सांगू शकत नाही.

या वर्षी वाडीतल्याच भिवाची मुलगी प्रेमला बारावीला बसली होती. भिवानं रावजीला गाठून विचारलं होतं, "पत्र आलं तर न्याल काय ओ, रावजीदादा?" आणि रावजी हो म्हणून बसला होता.

"मग दातवालेच घ्या की," आप्पा म्हणाले.

"आणि ओल्या डांबरावर घसरून हातखंब्याच्या वळणावर गटारात जाऊ? पोरीला नुसतं पऱ्यापार नेऊन भागत नाही, आप्पा. रत्नागिरीत पोचवायला हवी."

मग त्याची नजर कोपऱ्याकडे गेली. त्यानं माझ्या खाचेत अंगठा घालून खोली बघितली, मधल्या रेघेवरून हात फिरवला. "हा दोन्ही वाटांचा दिसतो," म्हणाला.

दोन्ही वाटांचा! वर्षभरात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. त्या क्षणी मी त्या माणसाचा झालो.

जून महिना डांबरावर गेला. मी थोडा गुणगुणायचो, खोटं कशाला बोलू? गंगा म्हणायची, "गाडीत भुंगा पाळलाय यांनी." पण ओल्या वळणावर एकदाही पाय सोडला नाही मी.

जुलैत पत्र आलं. मुलाखत गुरुवारी, अकरा वाजता. आदल्या दिवशी रावजीनं हातखंब्याला आमच्या पोटात गच्च हवा भरून घेतली. कडक टायर डांबरावर हलका पळतो, तेल कमी लागतं, हा त्याचा रोजचा हिशेब. तीच सवय त्या दिवशी नडली.

सकाळी सातला आम्ही पऱ्या ओलांडून वर गेलो. जाताना पाणी बेताचं होतं. प्रेमला तयारच होती. कडक इस्त्रीची पांढरी साडी, दाखले प्लास्टिकच्या पिशवीत. भिवा मागे बसला. वाडी गोळा होऊन "जयभीम, जयभीम" करत निरोप देत होती. तेवढ्यात सड्यावर पाऊस कोसळला, आणि आम्ही परत काठाशी आलो तर पऱ्या लाल होऊन धावत होता.

रावजीनं गाडी घातली. पाण्यातली दगडी फरशी आम्ही पार केली. पण पलीकडचा चढ म्हणजे नुसतं लोणी झालेलं. मी फिरलो, जाग्यावरच फिरलो. दातांत माती बसली. पुन्हा फिरलो, आणि जीप हातभर मागे सरकली, पाण्याकडे. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आप्पांचे शब्द आठवले.

"संपलं," भिवा पुटपुटला. "सावित्रीसारखंच झालं."

"बाबा, गप बसा," प्रेमला म्हणाली.

रावजी उतरला, मागच्या चाकांना दगड लावले आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मग एकदम कपाळावर हात मारला. "अरे, मी गाढव! पोफळीला जन्मभर हेच केलं नि आज विसरलो. हवा! हवा काढायला हवी. भिवा, उतर. टोकदार काय आहे?"

भिवाला काडी सापडली, रावजीला खिळा. प्रेमलानं पिशवीतून बॉलपेन काढलं आणि त्या पांढऱ्या साडीनिशी माझ्यापाशी चिखलात गुडघे टेकले. नळीचं टोपण काढून पेनाचं टोक आत दाबलं. सुस्स! मला वाटलं, झालं, आता उरलीसुरली अब्रूही गेली.

"काका, अशानं टायर बसेल ना?"

"अर्धाच बसवायचा. फुगलेला टायर चिखलात टाचेवर उभा राहतो. सैल झाला की अख्खं पाऊल टेकतो. बस, पुरे! आता बाकीचे तीनही तसेच."

खरं सांगतो, मी पसरलो. आजवर जे दात मातीला लागलेच नव्हते, ते सगळे एकदम लागले. रावजीनं हळूच क्लच सोडला. मी मातीत रुतलो नाही, जाग्यावर फिरलो नाही, धरून राहिलो. एक हात, दोन हात, आणि जीप वर!

भिवा रडायला लागला. "आता कशाला रडतोस?" रावजी ओरडला. "वर डांबर आहे, चार टायर भरायचेत. अंगात जोर ठेव!"

डांबराला लागल्यावर पायपंप निघाला. तिघांनी आळीपाळीनं पाय मारले. प्रेमलानं साडी खोचली आणि भिवाला बाजूला सारून पंपावर उभी राहिली. मग वीस किलोमीटर मी असा पळालो की काय सांगू! अकराला पाच कमी असताना प्रेमला अध्यापक विद्यालयाच्या पायऱ्या चढली. गुडघ्यापर्यंत लाल चिखल होता.

आत काय झालं ते परतीच्या वाटेवर कळलं.

"पहिल्यांदा साडीच बघत होते सगळे," प्रेमला सांगत होती. "मग म्हणाले, काहीतरी शिकवून दाखवा. मी कवितेची तयारी केलेली, सगळी विसरले. म्हटलं, सर, चिखलात तुम्ही टाचेवर चालता का पाऊल टेकून? ते म्हणाले, म्हणजे? म्हटलं, टाचेवर उभे राहून बघा. आणि काका, त्यातले एक सर खरंच उभे राहिले नि लटपटले! मग मी टायरचं सगळं सांगितलं."

"म्हणजे मुलाखत कुणी कुणाची घेतली?" रावजी म्हणाला, आणि भिवा दिवसात पहिल्यांदा हसला.

ती निवडली गेली. शिकली, आणि ८७ साली याच शाळेवर बाई म्हणून आली. पुढच्या वर्षी माझे दात झिजले. रावजी आप्पांकडे जाऊन म्हणाला, "तसलेच चार द्या." मला मात्र बाईंनी मागून घेतलं. दर पावसाळ्यात त्या मुलांना टाचांवर उभं करतात, मग पाऊल टेकायला लावतात, आणि माझ्याकडे बोट दाखवतात. मुलं मला लाथा मारतात ती गोष्ट वेगळी.

हे सगळं आज आठवायला कारण आहे. आज मैनाची मुलाखत. मैना म्हणजे वाडीतल्या सदूची लेक, बाईंनीच अभ्यास घेतलेली. सकाळी जीप शाळेपुढे येऊन थांबली. रावजी आता पिकलाय. पाऊस मुसळधार होता, पण वाडीतलं कुणी रडत नव्हतं.

बाईंनी मैनाला जीपमध्ये बसवलं. "काका, या खेपेला हवा पऱ्याच्या अलीकडेच काढा," म्हणाल्या. मग पर्समधून बॉलपेन काढून मैनाच्या हातात ठेवलं. "मागच्या डाव्यापासून सुरू कर गो. तो कधी फसवत नाही."

मागचा डावा. माझी जागा! आता तिथं माझा धाकटा भाऊ आहे. ना धड डांबराचा, ना धड चिखलाचा. घराण्याचं नाव राख रे, बाबा.

आता दुपार टळलीय आणि पाऊस थांबलाय. पऱ्याच्या बाजूनं गुणगुणल्यासारखा आवाज येतोय. ऐका. भुंगाच तो, आमच्या घराण्याचा! जा, मैना आली म्हणून बाईंना आधी सांगून या. चप्पल मग घासा सावकाश, माझी काही हरकत नाही.