मधली जागा

वारज्यात हायवेलगतच्या गोदामात हातात धरायची स्कॅनर यंत्रं आली, तेव्हा दत्तोबाला वाटलं, आता आपली नोकरी गेली. वय पन्नाशीकडे झुकलेलं, शिक्षण सातवी, आणि बरोबरची पोरं फाडफाड इंग्रजी बोलणारी. पण काम सोपं निघालं. कप्प्यावर चिकटवलेल्या बारकोडच्या काळ्या रेषांवर यंत्राचा लाल उजेड पाडायचा; टीक असा आवाज झाला की यंत्राच्या छोट्या खिडकीत हुकूम उमटायचा. त्याप्रमाणे खोकं नेलं किंवा आणलं, खोक्यावरचा बारकोड दाखवला, की खिडकी पुन्हा कोरी. यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून हुकूम मराठीत आणि अक्षरं इंग्रजी. वर ते लहानथोर सगळ्यांना अरेतुरे करायचं. पुण्यात एवढ्यावरूनही कुरबुर झाली.

दत्तोबा इंग्रजी अक्षरं जोडून जोडून वाचायचा. सुरुवातीला त्याच्या वाट्याला भरलेलेच कप्पे आले. मग एका सकाळी बेअरिंगचा कप्पा रिकामा सापडला. त्याने उजेड पाडला. खिडकीत कप्प्याचा नंबर, आणि नंबराच्या आधी अक्षरं: MALAN.

त्याने पुन्हा एकेक अक्षर जोडून पाहिलं. मालन त्याची बायको. तिला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

एवढा संसार झाला, दोन मुली उजवल्या, पण दत्तोबाने मालनला कधी नावाने हाक मारली नव्हती. त्यांच्यात तशी पद्धतच नव्हती. लग्नात दारात अडवून नाव घ्यायला लावलं तेवढंच. पुढचा सगळा कारभार 'ऐकलं का'वर. दवाखान्यात शेवटी शेवटी ती म्हणाली होती, "एकदा नावानं हाक मारा की. कसं वाटतंय बघू द्या." शेजारच्या खाटांवरची माणसं बघत होती. हा गडी लाजला. "घरी गेल्यावर मारतो," म्हणाला. ती घरी आलीच नाही. एवढ्याशा गोष्टीची माणसाला लाज वाटावी आणि ती जन्माला पुरावी, याचा खरं तर राग यायला हवा. दत्तोबाला राग आला नाही, भीती वाटली. मालन आपलं मागणं घेऊन आली होती.

खोकं आणलं की नाव पुसलं जाणार, म्हणून तो तसाच उभा राहिला.

"दत्तोबा," सुपरवायझर इंद्रजीत मागून म्हणाला, "कप्प्याचं दर्शन झालं असेल तर बेअरिंग आणा. तिकडे लाइन खोळंबलीय."

मग हे वरचेवर होऊ लागलं. दत्तोबा कप्पे रिकामे व्हायची वाट बघायचा आणि ते रिकामे झाले की त्याला घाम फुटायचा. खिडकीत नाव आलं की मागच्या रांगेत कुणीतरी बांगड्या मागे सारल्याचा भास व्हायचा. वळून बघायची छाती होत नव्हती. तो तोंड उघडायचा, पण नाव घशातच राहायचं.

शेवटी इंद्रजीतने त्याला बाजूला घेतलं. "पुन्हा लाइन थांबली तर उद्यापासून येऊ नका. मला वरून बोलणी बसतात."

"साहेब," दत्तोबा म्हणाला, "यंत्रात माझी मंडळी हाय."

इंद्रजीतकडे एरवी कशालाही तिरकं उत्तर असायचं. या वेळी त्याने गुपचूप तेजस्विनीला बोलावलं. यंत्रातले हुकूम तिनेच लिहिले होते. दत्तोबाने तिला रिकाम्या कप्प्यापाशी नेलं आणि खिडकी दाखवली.

तिला क्षणभर काही कळेना. मग कळलं, तशी ती खाली बघू लागली. "मामा, ते नाव नाहीये. 'माल आण' आहे. कप्पा रिकामा असला की तो मेसेज येतो. पुढचा नंबर मावत नव्हता, म्हणून मधली स्पेस मीच काढून टाकली. सॉरी."

दत्तोबाने पुन्हा वाचलं. माल आण. मालन.

"म्हंजी ती न्हवती?"

"नाही, मामा."

"मग ऱ्हाऊ द्या की तसंच, ताई. कुणाचं काय अडतंय?"

"तुमची नोकरी जाईल हो," ती म्हणाली. "मी नंबर खालच्या ओळीत घेते."

दुपारी तिने यंत्र परत आणून दिलं. दत्तोबाने उजेड पाडला. MAL AN. मधे नखाएवढी जागा. तेवढ्या जागेतून मालन निघून गेली, असं त्याला वाटलं. आता तरी हाक मारावी म्हणून त्याने तोंड उघडलं. पण मागे इंद्रजीत आणि तेजस्विनी उभे होते, आणि दवाखान्यातली तीच लाज पुन्हा आडवी आली. तो गेला, खोकं आणलं, यंत्राला दाखवलं. टीक. खिडकी कोरी झाली.

"झालं की," इंद्रजीत म्हणाला.

संध्याकाळी दत्तोबा गावठाणातल्या घरी आला. शेजारची मुक्ताई ओट्यावर तांदूळ निवडत होती, समोरच्या दारात दोघंतिघं गप्पा मारत उभे होते. त्याने कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"मालन," त्याने मोठ्याने हाक मारली.

मुक्ताईचे हात थांबले. समोरच्या गप्पाही थांबल्या. आत अंधार होता, काही हललं नाही. दत्तोबाने चपला काढल्या नाहीत की दिवा लावला नाही. तिची ओ येईपर्यंत तो दारातच उभा राहणार होता.