शामलाताईंनी अडकवलेली तार

मी एक जुनी पोलादी तार आहे, मित्रांनो. लांबी जेमतेम एक मीटर, आणि जाडी तुमच्या करंगळीच्या निम्मीही नाही.

कारखान्यातून निघाले ती थेट नीउ-व्हेनेप या गावी दीनानाथ आणि शामलाताई यांच्या घरी आले. हे दोघे मूळचे पुण्याचे. नोकरीसाठी नेदरलँड्सला आले आणि इथेच रमले. त्यांच्याकडे मोठे मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घरच होते. ताईंचे गुडघे दुखत, त्यांना चढण चढवत नसे. म्हणून दीनानाथांनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेतली. सुट्टीत मोटरहोममागे ट्रेलर जोडायचा, त्यावर जीप चढवून पट्ट्यांनी आवळायची आणि आल्प्सला पोहोचले की जीपमधून ताईंना थेट वरच्या तळ्यापर्यंत न्यायचे!

माझे एक टोक ट्रेलरच्या हँडब्रेकला बांधलेले होते. दुसरे मोटरहोमच्या कडीत अडकवायचे. ट्रेलर चुकून सुटलाच, तर ताणले जाऊन ब्रेक ओढायचा आणि मग तुटायचे, एवढेच माझे काम. सात वर्षे ती वेळच आली नाही. सगळे जीपचे कौतुक करत. मला थोडे वाईट वाटे, पण प्रवास मजेचे होते.

गेल्या मे महिन्यात निघताना फार घाई झाली. दीनानाथ फोनवर ऑफिसचे बोलत बोलतच ट्रेलर जोडत होते.

"अहो, जोड नीट बसला का? तो बसल्याची हिरवी खूण दिसत नाहीये," ताई म्हणाल्या.

"बसलाय गं! सात वर्षं जोडतोय मी."

ताई गुडघा धरून वाकल्या आणि मला स्वतःच्या हाताने अडकवले.

कालव्याकाठच्या रस्त्यावर गतिरोधक लागला. धाडकन आवाज झाला आणि ट्रेलर सुटला. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सायकलवाट, आणि त्या वाटेवर एक डच आजोबा! मी ताणले गेले. ब्रेक लागल्याचे मला कळले आणि त्याच क्षणी मी तुटले. ट्रेलर घसरत घसरत आजोबांपासून दोन हातांवर थांबला.

दीनानाथ धावत आले. "शामला, माझं चुकलं गं."

"ते नंतर बोलू. आधी आजोबांना पाणी द्या."

आजोबा पाणी प्यायले. मग त्यांनीच दीनानाथांच्या खांद्यावर हात ठेवला.

जोड दुरुस्त झाला, नवी तार आली, आणि दोन दिवसांनी ते दोघे निघाले. मला ताईंनी फेकले नाही. परसबागेत मांडव बांधायला घेतले. आता माझ्यावर घोसाळ्याचा वेल चढतो, आणि मी सुखात आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या बारीक वस्तू तुमच्याही घरी असतील. त्यांची गरज पडण्याआधी त्यांच्याकडे एकदा बघा. आणि कुणी "नीट बसलंय का?" असे विचारले, तर रागावू नका. खाली वाकून बघा.