आपल्या दुकानाचा आकडा

गवईने स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून पत्र्याच्या रिकाम्या डब्यात तोंड घातलं आणि घसा साफ केला.

"नमस्कार, श्रोतेहो. या आठवड्याची गाण्यांची अधिकृत क्रमवारी घेऊन आम्ही हजर आहोत."

बाहेरच्या खोलीत बाबांनी खुर्ची रेडिओजवळ ओढली. त्या रेडिओचा आवाज केव्हाच गेला होता, दिवा तेवढा लागायचा. तो कार्यक्रमही बंद पडून जमाना झाला होता. पण विसरायला लागल्यापासून बाबा दर रविवारी संध्याकाळी धुतलेला सदरा घालून रेडिओसमोर बसत आणि क्रमवारी लागली नाही तर जेवायला उठत नसत. म्हणून सुनेने ही डब्याची युक्ती काढली. जुनी गाणी गवईला तोंडपाठ होती. क्रम तो मनाला येईल तसा लावायचा.

"आज पहिला कोण?" भाजी चिरता चिरता बायकोने हळूच विचारलं.

"आज मी."

तिने सुरी खाली ठेवली. "बघा हं. उगाच खपली काढाल."

खपली जुनी होती. बाबांचं रेकॉर्डचं दुकान होतं. मोजक्या दुकानांतल्या विक्रीवरून क्रमवारी ठरायची आणि त्यांत बाबांचं दुकान होतं. दर शनिवारी ते फोनवर आकडे कळवत. गवईचं गाणं आलं तेव्हा आपल्या गल्लीतल्या पोराचं म्हणून सगळी गल्ली दुकानात लोटली. एवढा खप दुसरीकडे कुठेच नव्हता. आणि नाकासमोर चालणाऱ्या या गृहस्थाने फोनवर काय सांगावं? गाणं माझ्या मुलाचं आहे, या गाण्याला आमचा आकडा धरू नका.

गाणं थोडक्यात दुसरं राहिलं. पुढच्या आठवड्यात उतरलं ते उतरलंच. दुसऱ्या नंबराला कोण विचारतो? गवई शाळेत संगीत शिकवायला लागला. 'गवई' हे नाव गल्लीने कौतुकाने ठेवलं होतं, ते पुढे थट्टेचं झालं. बापाशी तो कित्येक वर्षं कामापुरतंच बोलला. परक्याने पाय ओढले असते तर विसरलाही असता.

एकेक गाणं घेत तो वर आला. प्रत्येकाची एखादी ओळ म्हणत होता आणि बाबा गुडघ्यावर ताल धरत होते.

"आणि पहिल्या क्रमांकावर..."

त्याने आपल्या गाण्याचं नाव घेतलं. स्वतःची ओळ त्याने दोनदा म्हटली. एकदा तरी हे बाबांच्या कानांवर पडावं, एवढंच त्याला हवं होतं.

बाहेर ताल थांबला. गवईने दारातून डोकावलं. बाबांनी टीव्हीचा रिमोट कानाला लावला होता आणि कपाळाला आठ्या होत्या.

"हॅलो, मी दुकानातून बोलतोय. तुमची मोजणी चुकलीय. आमचा आकडा धरलेला दिसतोय. धरू नका म्हणून शनिवारीच सांगितलं होतं मी."

गवईचे कान तापले. सगळं विसरला हा माणूस, सुनेला कधी ताई म्हणतो, कधी आई, आणि हे तेवढं पक्कं लक्षात. डबा आपटावा असं त्याला वाटलं. शेवटी त्याने पुन्हा डब्यात तोंड घातलं.

"श्रोतेहो, एक दुरुस्ती. हे गाणं दुसऱ्या क्रमांकावर आहे."

"हां. आता बरोबर."

बाबांनी रिमोट कानावरून काढला नाही. कोणी ऐकत नाही ना, हे त्यांनी इकडेतिकडे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"अहो, आमचा आकडा न धरता दुसरा आलाय पोरगा. आता बापाने चढवला म्हणायची कोणाची टाप नाही. सगळं त्याचं त्याने मिळवलंय." त्यांनी रिमोट दुसऱ्या कानाला लावला. "त्याला सांगायचं होतं हो, पण तो रागावलाय माझ्यावर. बोलत नाही. तुम्ही सांगाल का?"

"सांगतो," गवई डब्यात म्हणाला. निवेदकाचा आवाज काढायचं राहूनच गेलं.