बरणीवरची चिठ्ठी

मी एक काचेची बरणी. झाकणाच्या जागी बारीक जाळी, गळ्याभोवती रबर आणि पोटावर एक पिवळी पडलेली चिठ्ठी. मला बघायला येणारा प्रत्येक जण आधी ती चिठ्ठी वाचतो, तुम्हीही वाचाल. म्हणून आधीच सांगते, ती चिठ्ठी खोटी आहे. लिहिली तेव्हा खरी होती.

भट्टीतला जन्म मला आठवत नाही. आठवतं ते राइलीच्या आईचं स्वयंपाकघर. दर सप्टेंबरला ती रानातून लाल आंबट फळं वेचून आणायची, मुरंबा करायची आणि गरम गरम माझ्यात भरायची. राइली तुर्कू शहराच्या विद्यापीठात कामाला लागली तेव्हा आईने मला मुरंब्यासकट तिच्या पिशवीत घातलं. म्हणाली, “पोरी, बरणी परत आण हं.”

मी परत गेले नाही. मुरंबा संपल्यावर राइलीने मला उकळत्या पाण्यात धुतलं आणि माझ्यात ढेकूण सोडले.

आईला कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, “एवढी शिकलीस ती ढेकूण पाळायला? आम्ही त्यांच्यापायी अंथरुणं बर्फात नेऊन टाकायचो.”

“म्हणून तर गं आई,” राइली म्हणाली. “इतकं करून ते उरले कसे, तेच बघायचंय.”

हे ढेकूण साधे नव्हते. समुद्रातल्या एका बेटावर एस्को नावाचा कोळी एकटा राहायचा. त्याच्या लाकडी घरात औषधाचा फवारा म्हणून कधी गेला नव्हता. राइली बोटीने तिथे गेली आणि त्याच्या पलंगाच्या फटींतून साठ ढेकूण वेचून तिने माझ्यात भरले. एस्को म्हणाला, “सगळे ने की. माझ्यापेक्षा तेच जास्त जेवतात.” राइलीने चिठ्ठी लिहून माझ्या पोटावर चिकटवली: जुना वाण. फवारा कधीही नाही. १९८४.

तिचं म्हणणं साधं होतं. एके काळी ढेकूण गुहेत वटवाघळांना चावायचे. माणूस गुहेत राहायला आला तसे ते माणसावर आले. माणूस बदलत गेला, तेही बदलत गेले. फवारा मारला की कच्चे मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि पुढची पिल्लं त्या चिवटांचीच होतात. मग माणूस आणखी कडक फवारा आणतो. ढेकणाला त्याचं काही वाटत नाही, फवारा जातो पाळण्यातल्या पोराच्या छातीत. हे तिला सिद्ध करून दाखवायचं होतं. त्यासाठी ताडून बघायला फवारा न पाहिलेला ढेकूण हाताशी हवा. तो माझ्यात होता आणि एका दुसऱ्या बरणीत होता. दुसरीला पुढे बुरशी लागली. मग उरले मीच.

दर दहा दिवसांनी राइली पायमोजा खाली करायची आणि मला उलटी पोटरीवर टेकवायची. जाळीतून ते चावायचे. पंधरा मिनिटं. तेवढ्यात ती कॉफी प्यायची, वेलदोड्याचा गोड पाव खायची, कागद वाचायची. दर नाताळला माझ्यातले दोन ढेकूण काढून स्पिरिटच्या कुपीत घालायची आणि कुपीवर साल लिहायची. एकदा कोणी तरी तिला लग्नाचं विचारलं होतं. “त्याने पोटरी बघितली आणि परत आला नाही,” असं ती हसून सांगायची. बावीस वर्षं मी त्या पोटरीवर टेकले. माणसं मुलांना जपतात तसं तिने मला जपलं, असं मी म्हणणार नाही. मुलं मोठी होऊन निघून तरी जातात.

नवं सहस्रक लागलं आणि शहरांतून ढेकूण पुन्हा वाढले. फवारा मारूनही मरेनात. आता राइलीच्या कामाची वेळ आली होती. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातून तिने चिवट ढेकूण आणले आणि माझ्या शेजारच्या बरणीत ठेवले. त्या बरणीवर लिहिलं: नवा वाण. हिवाळ्याआधी दोन्हींवर एकच फवारा मारून मोजायचं ठरलं.

पण त्या जूनमध्ये तिला जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरने रक्त तपासलं आणि विचारलं, “हे लोह जातं कुठे?” तिने पायमोजा खाली केला. डॉक्टर वाकून डाग बघू लागला. मग म्हणाला, “हे उन्हाळाभर बंद. आणि उद्याच भरती व्हायचं.”

माझी काळजी मिर्वाकडे आली. मिर्वा राइलीच्या हाताखाली काम करायची. हुशार होती, जिवाला लावून घेणारी होती. घरी नवरा यार्मो आणि पाच वर्षांची इलोना. मध्यउन्हाळ्याचा सण तोंडावर आलेला. त्या दिवसांत विद्यापीठात चिटपाखरू नसतं, जो तो तळ्याकाठच्या आपल्या लाकडी घरी जातो.

“दहावा दिवस चुकवू नकोस,” राइली इस्पितळातून म्हणाली.

“अगं, तू पडून राहा. बरणी सोबतच नेते ना मी.”

आणि तिने मला खरंच नेलं. कामचुकार बाई असती तर मला फळीवरच सोडून गेली असती आणि माझे ढेकूण उपाशी का होईना, जगले असते. ढेकूण महिना महिना उपाशी राहतो.

तळ्याकाठी पोचल्यावर मिर्वा मला हातात घेऊन दारातच थांबली. “इलोना झोपते त्या घरात हे नको,” ती स्वतःशीच म्हणाली. जाळी सैल झाली तर, पोरीने उघडून बघितलं तर, रात्री अंथरुणात शिरले तर. तिने घरभर नजर फिरवली. शेवटी पाण्याजवळच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात गेली. ती वेगळी लाकडी खोली, दार घट्ट बसतं, आत पलंग नाही की गादी नाही. तिने मला वरच्या बाकावर कोपऱ्यात ठेवलं, दार लावलं, दोनदा ओढून बघितलं. यार्मोला सांगायचं तेवढं राहिलं.

सणाच्या दिवशी दुपारी यार्मो आला आणि चुलीत लाकडं सारून, पेटवून निघून गेला. आधी बरं वाटलं. माझ्यातले ढेकूण कागदाच्या घड्यांतून बाहेर आले, त्यांना वाटलं माणसाची ऊब आली. मग चुलीवरचे दगड तापले. ते माझ्या काचेवर चढायचे आणि घसरायचे. मी काच. काच तापण्यापलीकडे काय करणार?

तासाभराने यार्मो टॉवेल गुंडाळून आत आला. “मिर्वा, काकडीची बरणी सौनात कोणी ठेवली गं?”

मिर्वा धावत आली आणि पायरीवरच बसली. मागून इलोना आली, वाकून बघितलं आणि हसायला लागली. “बाबा, ढेकणांनी सौना घेतली.”

इलोना गेल्यावर यार्मो म्हणाला, “सांगून टाक राइलीला.”

“ती इस्पितळात आहे. बावीस वर्षं, यार्मो. स्वतःचं रक्त.”

“मग घरी आल्यावर सांग.”

“हो. घरी आल्यावर.”

तुर्कूला परतल्यावर मिर्वाने मला धुतलं, शेजारच्या बरणीतून चाळीस ढेकूण घेतले आणि माझ्यात टाकले. ढेकूण ढेकणासारखाच दिसतो. चिठ्ठीला तिने हात लावला नाही. लावला असता तर मी तिला माफ केलं असतं.

राइली घरी आली. मिर्वाने फुलं नेली, सांगितलं काहीच नाही.

शरदात फवारा मारला. नवा वाण मेला नाही, तसा जुनाही मेला नाही. राइलीने तीनदा करून बघितलं. बावीस वर्षांत ज्याने फवारा पाहिला नाही, तो आपसूक चिवट झाला, असं दिसत होतं. तिच्या स्वतःच्या म्हणण्याच्या उलटं. पण डोळ्यांना दिसतंय ते लिहायचं, ही तिची शिस्त. तिने लिहिलं. मोठं नाव झालं, टाळ्या झाल्या. आपलं आधीचं म्हणणं चुकलं, हेही ती टाळ्यांतच कबूल करून आली.

भाड्याने घरं देणाऱ्या एका संस्थेने ते वाचलं. फवाऱ्याने ढेकूण चिवट होत नाहीत ना, मग मारा आणखी. दुसऱ्या हिवाळ्यात राइलीला एका बाईचा फोन आला. आवाज दबलेला होता, मूल झोपलेलं असावं.

“तुम्हीच लिहिलंय ना, फवाऱ्याचा दोष नाही म्हणून? आमच्याकडे तिसऱ्यांदा मारून गेले. ढेकूण आहेत तसेच आहेत. पोरगी मात्र खोकून खोकून निळी पडते. मी आता काय करू, तेवढं सांगा.”

फोन ठेवून राइली उठली आणि नाताळच्या कुप्या काढल्या. इस्पितळाआधीच्या बावीस कुप्यांतले ढेकूण तपासले, मग माझ्यातले तपासले. कुप्यांतले सगळे एकाच वंशाचे होते. माझ्यातले शेजारच्या बरणीचे निघाले.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या टेबलावर तिने विचारलं, “मिर्वा, तू नेली होतीस तेव्हा बरणीचं काही झालं होतं का?”

मिर्वाने पाव मोडला. “नाही गं. त्याआधी तूच धुतल्या होत्यास ना दोन्ही? तुला तेव्हा चक्कर यायची.”

राइलीने कप खाली ठेवला. “हो. यायची खरी.”

तिने पत्र लिहून आपलं लिखाण मागे घेतलं. कारण दिलं: माझ्या हातून बरण्या मिसळल्या. ज्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांनी तिला बोलावणं बंद केलं. वर्षभराने ती निवृत्त झाली. तिची खोली मिर्वाला मिळाली. ती मोठी बाई झाली, आणि काम चांगलं करते. मला तेच जास्त बोचतं.

पुढे नवी इमारत झाली. मला आतून धुऊन काचेच्या कपाटात ठेवलं, चिठ्ठीसकट. उद्घाटनाला राइलीही आली, काठी टेकत. माझ्यासमोर थांबली.

“मिर्वा, ही चिठ्ठी काढ. खोटी आहे ती.”

“राहू दे ना राइली. तुझी आठवण आहे.”

मिर्वासोबत इलोना होती, चौदा वर्षांची. ती वाकून बघत म्हणाली, “आई, ही तीच ना, सौनातली? बाबा दर सणाला सांगतात ती? ढेकणांनी सौना घेतली ती?”

राइलीने विचारलं, “किती वेळ तापली होती?”

“तासभर,” मिर्वा म्हणाली.

“तासभर.” राइलीने मान हलवली. “मग एकही राहिला नसणार.” ती बाकावर बसली आणि हाताने पोटरी चोळू लागली. तिथे आता काही नव्हतं, फक्त जुने डाग. “तेव्हा सांगायचंस गं. तेव्हा एस्को जिवंत होता. घर होतं, पलंग होता. मी आठवड्यात दुसरे आणले असते.”

एस्को त्या सणानंतर वर्षभराने गेला, त्या बाईचा फोन येण्याआधीच. त्याचं घर पाडून पलंग जाळला.

राइली उठली, कोट चढवला आणि इलोनाच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेली. ती परत आली नाही.

मी अजून कपाटात आहे. आत काही नाही. शाळेची मुलं येतात, त्यांच्या शाळेच्या बाई त्यांना चिठ्ठी मोठ्याने वाचायला लावतात. मुलं वाचतात: जुना वाण, फवारा कधीही नाही. कपाटाची किल्ली मिर्वाच्या टेबलाच्या खणात असते, उजव्या बाजूच्या. कोणी तिच्याकडे गेलात तर ती किल्ली मागा. मला फोडलंत तरी चालेल. ती चिठ्ठी तेवढी काढा.