शून्य वास

“घ्या श्वास. छाती भरून घ्या,” मास्तरीणबाई पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या. “आणि आता सांगा, भाऊ.”

वास-निरीक्षकानं डोळे मिटले, श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. प्रादेशिक परिषदेची पद्धतच तशी होती. दुर्गंधीची तक्रार आली की तक्रार करणाऱ्याच्या दारात उभं राहायचं, शांतपणे हुंगायचं आणि शून्य ते सहा यातला एक आकडा लिहायचा. ड्यूटीवर कांदा खायचा नाही, विडी ओढायची नाही, वासाचा साबण लावायचा नाही. त्याला यंत्रबिंत काही नव्हतं. अख्ख्या परिषदेत या कामाला एकच नाक मंजूर होतं, ते याचं. म्हणून ऑफिसात त्याला सगळे नाकोबा म्हणायचे.

मागे जीपमध्ये ड्रायव्हर काचा चढवून, तोंडावर रुमाल दाबून बसला होता. हाडं उकळून चरबी काढणारा कारखाना गल्लीच्या टोकालाच होता.

“नाही येत, बाई.”

“अहो, काय बोलताय! मागं तुम्हीच पाच दिले होते. याच पायरीवर तुम्हाला मळमळलं होतं, मी पाणी आणून दिलं. आठवतंय ना?”

“आठवतंय. पण आज नाही येत.”

बाईंचा चेहरा एवढासा झाला. चिडल्या असत्या, चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. पण त्या हळूच म्हणाल्या, “मग माझंच काहीतरी बिघडलंय म्हणायचं.”

त्यानं शून्य लिहिलं आणि जीपमध्ये जाऊन बसला.

बिघडलं होतं ते त्याचं. उन्हाळ्यात एक साधा ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. हे कळलं बायकोला. गॅसवर दूध करपून कोळसा झालं आणि हा गृहस्थ शेजारी खुर्ची टाकून निवांत पेपर वाचत बसलेला! “अहो, नाक गहाण टाकलंत की काय?” ती ओरडली आणि मग त्याचा चेहरा बघून मटकन खाली बसली. मग म्हणाली, “पेन्शन हातात पडेपर्यंत ब्र काढायचा नाही. कळलं?” त्याला कळलं होतं. नाक गेलेला वास-निरीक्षक म्हणजे घरी बसलेला माणूस, दुसरं काय?

बरं, मग आकडा ठोकून द्यायचा, ड्रायव्हरच्या रुमालाकडे बघून! पण आकडा लिहिला की वास कसला, कुजका की करपट की तेलकट, तेही लिहावं लागे आणि मग कारखान्याचा वकील उलटतपासणीला उभा राही. शून्याला कुणी काही विचारत नाही. म्हणून तो शून्य लिहायचा.

पुढं नाकाची वार्षिक चाचणी आली. मोठ्या साहेबांनी स्वतः बाटली उघडली. बाटली आणणारा शिपाई दोन पावलं मागं सरला.

“सांगा, कसला?”

नाकोबानं डोळे मिटून हुंगलं. “गुलाबासारखा,” तो म्हणाला. “जरा सौम्य.”

शिपाई फिस्सकन हसला. साहेबांनी त्याला बाहेर घालवलं, सडक्या अंड्याच्या वासाची ती बाटली बंद केली आणि खिडकी उघडली.

“कधीपासून?”

नाकोबानं मान खाली घातली.

साहेबांनी त्याच्या अहवालांची फाईल ओढून चाळली. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. “त्या कारखान्याच्या आसपास हल्ली वासच नाही. वरचे लोक खूश आहेत आपल्यावर. इतकं गुणी नाक मी कशाला घालवू?” त्यांनी उत्तीर्ण म्हणून सही ठोकली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. “जपा तब्येतीला.”

त्याला लाज वाटली नाही, आनंद झाला. घरी त्यानं हा किस्सा साभिनय सांगितला आणि नवराबायको पोट धरधरून हसली.

बाईंचे फोन मात्र थांबेनात. “नाकोबा, तक्रारबाईंचं बोलावणं आलंय!” ऑफिसात हाळी उठायची आणि हा निघायचा. बाईंनी पडदे फेकून दिले होते, गाद्या उन्हात टाकून टाकून विटल्या होत्या. मागंपुढं कुणी नव्हतं त्यांचं. शेजारपाजारचे सगळे कारखान्यात कामाला, ते कशाला तोंड उघडतात?

“डॉक्टरांना दाखवलं,” बाई एकदा म्हणाल्या. “ते म्हणतात नाक ठणठणीत आहे. म्हणजे डोकंच गेलं असणार. शाळेत मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, भाऊ, आणि आता माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही.”

त्याला त्यांची खरोखर कीव आली. जीपमध्ये पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या बंद करायची रुंद पिवळी चिकटपट्टी होती, परिषदेचा शिक्का छापलेली. ती घेऊन तो स्टुलावर चढला आणि एकूण एक खिडकीच्या फटी त्यानं आपल्या हातानं बुजवून दिल्या. “बघा, आता काही आत येणार नाही.”

“तुम्ही आहात म्हणून, भाऊ,” बाई म्हणाल्या. त्यांनी त्याला चहा पाजला. त्याला तो नुसता गरम लागला.

थंडी पडली आणि फोन बंद झाले. “तक्रारबाई सुधारल्या वाटतं,” ऑफिस म्हणालं. साहेब म्हणाले, “उत्तम.”

मग एका सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला. ज्यांनी जन्मात तक्रार केली नव्हती त्यांचा! नाकोबा पोचला तेव्हा बाईंच्या दारासमोर माणसं तोंडाला फडकी बांधून उभी होती. तो पायरीवर गेला, डोळे मिटून त्यानं श्वास घेतला आणि सवयीनं म्हणाला, “काही येत नाही.”

माणसं त्याच्याकडे बघत राहिली. जीपमधून उतरलेला ड्रायव्हर गटाराशी वाकून ओकत होता. तोंड पुसत तो म्हणाला, “दादा, हा कारखान्याचा नाही हो. दार फोडा.”

दार फोडलं आणि सगळे मागं हटले. आत गेला तो एकटा नाकोबा. बाई खुर्चीत बसल्या होत्या, अंगावर शाल, पायाशी विझलेली कोळशाची शेगडी. खिडक्यांवरची पिवळी पट्टी कुठंही सुटली नव्हती. चांगली चिकटवली होती त्यानं.

पोलीस येईपर्यंत तो त्यांच्याजवळ जमिनीवर बसून राहिला. बाहेर लोक म्हणत होते, “काय काळीज आहे माणसाचं! रुमालसुद्धा लावला नाही.”

“खोली बंद, त्यात शेगडी,” पोलीस दारातूनच म्हणाला. “त्या वायूला वास नसतो. माणसाला पत्ताच लागत नाही. तुम्हाला वास आला म्हणून दार फोडलंत, असं लिहितो.”

“मला नाही आला,” नाकोबा म्हणाला. “मला वासच येत नाही. उन्हाळ्यापासून. लिहा तसं. इथं रोज वास होता आणि मी शून्य लिहिलं. या पट्ट्याही मीच लावल्या.”

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. रुमालाआडून ते पोलिसाला म्हणाले, “धक्का बसलाय हो त्यांना. बाईंशी घरोबा होता. ते नका लिहू.” मग नाकोबाकडे वळून प्रेमानं म्हणाले, “घरी जा, आराम करा. उद्या आलात तरी चालेल.”

पोलिसानं मान डोलावली. त्यानं ते लिहिलं नाही.

घरी बायकोनं दार उघडलं आणि लगेच नाकाला हात लावला. “तिथंच थांबा! आत पाऊल टाकू नका. काढा ते कपडे, मी पाणी आणते.”

“एवढा येतोय?”

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

“कसा आहे गं? सांग ना, कसा आहे?”

ती दार लोटून पाणी आणायला आत गेली. त्यानं सदरा काढला, दोन्ही हातांनी नाकाशी धरला आणि डोळे मिटून श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.