तापीच्या उतारावरचा हैबती नाईक

फाल्गुन कलला होता. सातपुड्याच्या ताम्रवर्णी खांद्यांवरून ऊन ओघळत होते, आणि खाली तापी, कृशांगी, मंदगामिनी, वाळूच्या शय्येवर रुपेरी पदर पसरून पहुडली होती.

नदी पायी ओलांडायच्या उतारावर हैबती नाईकाचे भाले उभे होते. हैबती शिबंदीचा म्होरक्या. भाड्याच्या भाल्यांचा धनी. बंड पेटले तेव्हा तो सरकारचा होता, मग बंडवाल्यांचा झाला, आणि आता पुन्हा सरकारचा. खेडोपाडी माणसे त्याचे पागोटे पाहत: तांबडे असले तर सरकार, भगवे असले तर बंड. पागोट्याखालचे कपाळ मात्र कुणालाच वाचता आले नव्हते.

आज हुकूम होता: हरलेले बंडवाले बायकापोरांसह नदीला येतील, त्यांना पाण्यातच कापावे.

दुपारी पहारेकऱ्यांनी एक बाई धरून आणली. मैनावती तिचे नाव. धूलिधूसर, पन्नाशीची, बंडवाल्यांसाठी उतार शोधायला पुढे आलेली. तिने जीवदान मागितले नाही. अनोळखी झाड न्याहाळावे तशी ती त्याला न्याहाळत राहिली.

"नाईक, एक विचारू? इतक्यांच्या बाजूनं लढलात. त्यातलं कुणी आपलं वाटलं का हो?"

हैबती हसू पाहत होता. हसू ओठांपर्यंत आलेच नाही. सावल्या लांबल्या. त्याची घोडी खुराने वाळू उकरत राहिली, उकरत राहिली.

"भाले सगळ्यांना हवे होते," तो अखेर म्हणाला. "हे मला कुणी विचारलं नव्हतं."

"आम्हाला भालेही नकोत. पाणी कुठं उथळ आहे, तेवढं सांगा."

त्याने सांगितले नाही. तो स्वतःच पाण्यात उतरला आणि उथळ वाटेवर भाले रोवत पैलतीरी गेला. परतून त्याने शिबंदीला मोकळीक दिली. बहुतेक निघून गेले. मूठभर राहिले, का राहिले, ते त्यांनाही सांगता आले नसते.

मग बंडवाले आले. डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरे, खांद्यावर जखमी. भाल्याभाल्यांमधून, सोनसळी पाण्यातून, ती मूक रांग सरकत राहिली. निम्मी पार झाली तोच मागच्या टेकाडावर सरकारी घोडदळाची धूळ उठली. हैबतीने घोडी वळवली, आणि उरलेल्या मूठभरांसह उताराचे तोंड अडवून तो उभा राहिला.

रांग संपेपर्यंत तो पडला नाही. मग पडला.

सरकारी सुभेदार त्याच्यावर वाकला. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. तू नक्की कुणाचा माणूस, असे त्याने विचारले.

"आज कुणी बोलावलं नव्हतं मला," हैबती म्हणाला, आणि त्या क्षीण स्वरात त्याचे स्वतःचेच नवल होते. "आपणहून आलो."

पैलतीरी, दिवसभर तापलेल्या काळ्या कातळावर, ओली पावले उमटली होती. थोर पावले, सान पावले, अनवाणी पावले. डोंगराकडे चढत गेलेली. आणि सांजवाऱ्यात ती एकेक करून, हलके हलके, वाळत होती.